पक्कड चारशेची की दीडशेची?

वाशी, कोपरखैरणे किंवा तुर्भे नाक्यावरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि म्हणा, 'वाइसग्रिप द्या'. दुकानदार 'कोणत्या कंपनीची?' असं बहुधा विचारणार नाही. 'कितीपर्यंतची दाखवू?' असं विचारेल. मग काउंटरवर दोन-तीन पक्कडी येतील. एक दीडशे-दोनशेची, चकचकीत, खोक्यावर नाव असं की पुन्हा कधी वाचायला मिळणार नाही. दुसरी तिच्या दुप्पट-अडीचपट, नाशिकच्या कंपनीची. तिसरी परदेशी ब्रँडची, काचेच्या कपाटात, आणि तिची किंमत ऐकून आपण 'बघून सांगतो' म्हणत मागे सरकतो. तिघींचं काम एकच. मग महागडी जगणार कशी?

प्रश्न एका पक्कडीचा वाटतो, पण मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा आयटीआय फिटर करणाऱ्या कोणाच्याही पोटापाण्याशी तो थेट जोडलेला आहे. आपण ज्या एमआयडीसीच्या शेजारी राहतो तिथे काय बनणार आणि काय फक्त विकलं जाणार, हे अशाच दहा-वीस साध्या वस्तूंवर ठरतं.

आधी ही चीज काय ते सांगतो. साधी पक्कड आपण हात सैल केला की सुटते. लॉकिंग पक्कडीत दांड्याच्या टोकाला स्क्रू असतो, त्याने जबडे किती उघडायचे ते ठरवायचं. दांडे दाबले की आतली कडी मधल्या रेषेच्या पलीकडे जाते आणि 'खट्' आवाज करून पक्कड अडकते. आता हात सोडला तरी ती सोडत नाही. सोडवायला आतल्या बाजूला छोटा खटका असतो. डोकं घासून गोल झालेला नट, तुटलेला बोल्ट, वेल्डिंगला धरायच्या दोन पट्ट्या, बाइकचा गेलेला क्लच लिव्हर, सगळीकडे हीच.

मी डिप्लोमाला असताना दीडशेवाली घेतली होती. बाइकच्या फुटरेस्टचा गंजलेला बोल्ट पकडला, जोर लावला, पक्कड सटकली आणि चार बोटांची सालं निघाली. दात बघितले तर बोल्टाऐवजी तेच घासले गेले होते. पोलादाला पाणी नीट दिलेलं नव्हतं, दुसरं काही नाही. म्हणजे माझा कल कुठे आहे ते आधीच कळलं. तरीही या गोष्टीत स्वस्त पक्कड खलनायक आहे असं मला वाटत नाही, ते पुढे येईलच.

आता अमेरिकेत जाऊ, कारण हा खटला तिथे आधीच चालून निकाली निघालाय. नेब्रास्का राज्यात डेविट नावाचं पाच-सहाशे वस्तीचं गाव आहे. डेन्मार्कहून आलेला विल्यम पीटरसन तिथे लोहारकाम करायचा. त्याने १९२१ मध्ये अशा पक्कडीचं पहिलं पेटंट घेतलं आणि १९२४ मध्ये लॉक होणाऱ्या दांड्याचं. नाव ठेवलं 'व्हाइस ग्रिप'. सुरुवातीला गाडीच्या डिकीत माल टाकून तो शेतकऱ्यांना आणि मेकॅनिकना विकत फिरायचा. १९३८ मध्ये गावात कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये वेल्डर लोकांच्या हातात ही पक्कड गेली आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. आपल्याकडे दुकानात आपण 'वाइसग्रिप' म्हणतो तो शब्द त्याच लोहाराच्या भट्टीतून आलाय, हे किती जणांना माहीत असतं?

नाव असं सगळ्यांच्या तोंडी बसणं हा कंपनीचा विजय वाटतो. खरं तर तिथेच पहिली गळती लागते. झेरॉक्ससारखंच. गिऱ्हाईक नाव घेतं, दुकानदार कुठल्याही कंपनीचा माल देतो. शिवाय तेव्हा अमेरिकेत पेटंट १७ वर्षं चालायचं. म्हणजे १९४१ नंतर ही रचना कोणीही बनवायला मोकळं होतं. त्यापुढे व्हाइस ग्रिपकडे वेगळं काय उरलं? पोलाद, ते घडवणारी माणसं आणि नाव. या तिन्ही गोष्टी एका गावात होत्या तोवर गाडी चालली.

पुढे कंपनी घराण्याच्या हातातून गेली. २००२ मध्ये न्यूवेल रबरमेड या मोठ्या कंपनीने ती घेतली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी डेविटचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन चीनला गेलं. तीनशेहून अधिक लोकांचं काम सुटलं. पाच-सहाशेच्या वस्तीत तीनशे! कामगार आजूबाजूच्या गावांमधूनही येत असणार, तरी आकडा डोळ्यांसमोर आणा. २०१७ मध्ये ब्रँड स्टॅनले ब्लॅक अँड डेकरकडे गेला, म्हणजे कधीकाळचे दोन स्पर्धक आज एकाच छपराखाली आहेत.

खरी गंमत यानंतरची आहे. त्याच २०१७ मध्ये मिनेसोटातल्या माल्को या कंपनीने डेविटचा तो बंद कारखाना विकत घेतला. ही कंपनी तिच्या कर्मचाऱ्यांच्याच मालकीची. त्यांनी २०२० मध्ये 'ईगल ग्रिप' नावाने पुन्हा अमेरिकेत बनलेली लॉकिंग पक्कड बाजारात आणली. वापरणाऱ्यांनी मालाचं कौतुक केलं. पण चीनमधून येणाऱ्या पक्कडीपेक्षा किंमत फार वर होती, आणि २०२२ संपता संपता माल्कोने उत्पादन थांबवायचं ठरवलं. एवढ्या महाग पक्कडीला पुरेसं गिऱ्हाईक वेळेत तयार झालं नाही, हा त्यातला मुद्दा.

इथे नीट बघा. नाव चीनला गेलं होतं आणि ते विकलं जात राहिलं. कारखाना, गाव, कसब मागे राहिलं, त्याला नवं नाव मिळालं, आणि ते विकलं गेलं नाही. 'आम्ही इथेच बनवतो' एवढ्या एका गोष्टीवर लोक शाबासकी देतात. पैसे द्यायची वेळ आली की हात खिशाकडे जरा हळू जातो. 'व्होकल फॉर लोकल'चे स्टेटस टाकणाऱ्या आपल्यालाही हे लागू पडतं, उगाच अमेरिकनांना हसायला नको.

आता घरी येऊ. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली तापडिया टूल्स ही १९६५ ची कंपनी. स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिने हत्यारं बनवायला सुरुवात केली, पुढे गोव्यातही कारखाना काढला. आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमधला स्क्रू ड्रायव्हर, स्पॅनर, पक्कड बघा, त्यावर बऱ्याचदा हेच नाव कोरलेलं असतं. २०२४ मध्ये ही कंपनी वेगळ्याच कारणाने आपल्या मोबाइलवर आली होती. शेअरची बाजारातली किंमत जेमतेम काही रुपये, आणि एका शेअरमागे मिळणारा डिव्हिडंड त्याच्यापेक्षा जास्त. मीम्स फिरले, 'कसा घ्यायचा?' म्हणून विचारणा झाल्या, पण विकायलाच कोणी तयार नव्हतं तर घेणार कुठून! त्या विनोदाच्या मागची गोष्ट मात्र कोणी फारशी बघितली नाही. स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कडी विकूनही नियमित नफा होऊ शकतो, तोही स्वस्त मालाचा पूर आलेल्या बाजारात.

हे कसं जमलं? माझ्या मते, ही कंपनी जर्मन अर्थाने महाग कधी झालीच नाही. ती मधली आहे. दीडशेवालीपेक्षा महाग, पण इतकी नाही की कामगाराने विचारच सोडावा. आणि गल्लीतल्या दुकानात मिळते. डेविटच्या ईगल ग्रिपकडे नेमकं हे नव्हतं.

पण किमतीचं कोडं फक्त बनवणाऱ्याच्या बाजूने सुटत नाही. पक्कड विकत कोण घेतं आणि वापरतं कोण, हेही बघावं लागतं. अमेरिकेत गॅरेजमधला मेकॅनिक बहुतेक वेळा स्वतःची हत्यारं स्वतःच्या पैशाने घेतो. म्हणून तिथे स्नॅप-ऑनसारख्या कंपन्या व्हॅन घेऊन थेट गॅरेजच्या दारात जातात आणि महागडा माल हप्त्यांवर विकतात. आपल्याकडे रबाळे किंवा तळोज्याच्या कारखान्यात हत्यार कंपनीच्या स्टोअरचं असतं. खरेदी विभाग तीन कोटेशन मागवतो आणि सगळ्यात कमी दरवाला पास होतो. ज्याचा हात सोलणार आहे त्याला कोणी विचारत नाही. आणि खरेदी करणाऱ्याचंही अगदीच चुकत नाही, कारण स्टोअरमधली पक्कड झिजण्याआधी हरवते. हरवणाऱ्या वस्तूवर पाचशे रुपये कोण घालणार?

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तर गणित आणखी वेगळं. गेट किंवा ग्रिल जोडताना एकाच वेळी आठ-दहा ठिकाणी पकड लागते. तिथे दोन उत्तम पक्कडींपेक्षा दहा साधारण पक्कडी कामाच्या. वेल्डिंगचे शिंतोडे उडून त्या तशाही खराब होणारच. स्वस्त पक्कड खलनायक नाही म्हटलं ते यासाठी. घरात वर्षातून दोनदा नळाची नळी धरायला लागणाऱ्या माणसालाही दीडशेवाली पुरते. तिला घेऊन गंजलेल्या बोल्टाशी कुस्ती खेळायला गेलं की फसगत होते.

मग महागड्या पक्कडीचं आपल्याकडचं खरं गिऱ्हाईक कोण? मला वाटतं, ते आत्ता कुठे तयार होतंय. खारघर, उलवे, तळोजाच्या नव्या टॉवर्समध्ये एसी बसवणारी, प्लंबिंग करणारी, ॲपवरून कामं घेणारी पोरं बघा. पाठीवर बॅग, बॅगेत स्वतःची हत्यारं. पक्कड सटकली तर गिऱ्हाईकाची टाइल फुटते, रेटिंग खाली येतं, आणि वेळ वाया जातो तो त्यांचाच. हा माणूस पाचशे रुपये खर्च करेल, कारण इथे घेणारा आणि वापरणारा एकच आहे. त्याला हप्त्यावर चांगली हत्यारं देणारी व्यवस्था मात्र आपल्याकडे फारशी दिसत नाही. मोबाइल ईएमआयवर मिळतो, पक्कडींचा सेट नाही.

आता आकड्यांकडे. नीती आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये हँड टूल्स आणि पॉवर टूल्सच्या निर्यातीवर एक अहवाल काढला. त्यानुसार जगात हँड टूल्सचा व्यापार सुमारे ३४ अब्ज डॉलरचा आहे. त्यात चीनचा वाटा १३ अब्जांच्या आसपास. भारताचा? ६० कोटी डॉलर, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. चीनच्या तुलनेत आपला माल १४ ते १७ टक्के महाग पडतो असंही अहवाल म्हणतो. पोलादासारखा कच्चा माल महाग, कर्ज महाग, छोटे कारखाने, वाहतूक लांबची. हे सुधारलं तर दहा वर्षांत २५ अब्ज डॉलरची निर्यात आणि सुमारे ३५ लाख रोजगार, असं त्यांचं स्वप्न आहे.

३५ लाखांवर माझा लगेच विश्वास बसत नाही, सरकारी अहवालातले शेवटचे आकडे नेहमीच गोड असतात. पण १४ ते १७ टक्के हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण तो फार मोठा नाही. दीडशे आणि चारशेमधला फरक यातून आलेला नाही. त्या फरकाचा बराचसा भाग पोलादाच्या प्रतीत, फोर्जिंगमध्ये आणि भट्टीत घालवलेल्या वेळेत आहे. म्हणजे सारख्याच दर्जाची पक्कड बनवली तर आपण चीनच्या फार मागे नाही.

वाहतुकीचं बोलायचं तर आपल्या देशातली हत्यारं मोठ्या प्रमाणावर पंजाबात, जालंधर-लुधियानाला बनतात. तिथून न्हावा शेवा बंदर दीड हजार किलोमीटरहून लांब. नाशिकहून तोच कंटेनर एका दिवसात येतो. आणि टीटीसी, म्हणजे ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतचा आपला पट्टा, बंदरापासून अगदी हाकेच्या अंतरावर. साठच्या दशकात एमआयडीसीने हा पट्टा कारखान्यांसाठीच आखला होता. आज तिथल्या कितीतरी प्लॉटवर काचेचे आयटी पार्क आहेत, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेलं पोलाद दुसऱ्याच कुठल्यातरी जिल्ह्यात जाऊन हत्यार बनतं. जमिनीचा भाव बघता इथे पुन्हा फोर्जिंगचे हातोडे वाजतील असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. डिझाइन, टेस्टिंग, टूलिंग मात्र इथे होऊ शकतं.

डिझाइन हा शब्द मुद्दाम वापरला. जर्मनीत वुपरटाल इथे क्निपेक्स नावाची कंपनी १८८२ पासून पक्कडी बनवते. अजून घराण्याच्याच हातात, अजून तिथेच. जर्मनीतले पगार अमेरिकेपेक्षा काही कमी नाहीत. मग ती का टिकली? ती शंभर वर्षांपूर्वीचीच पक्कड 'आमची बघा किती मजबूत' म्हणत विकत बसली नाही. जबडे समांतर सरकणारी, पान्याचंही काम करणारी पक्कड काढली, एका हाताने बटण दाबून माप बदलणारी काढली. कारागिराचं काम दहा मिनिटांनी कमी झालं की तो किंमत मनातल्या मनात वसूल करून टाकतो. लॉकिंग पक्कडीत मात्र १९२४ नंतर मुळातून बदलणारं फारसं काही झालं नाही. फक्त पोलादाच्या जोरावर तिप्पट किंमत मागायची, तर गिऱ्हाईकाला ते पोलाद दुकानात दिसत नाही. ते सहा महिन्यांनी कळतं, आणि तोवर खोकं फेकून दिलेलं असतं.

म्हणून माझा अंदाज असा की, फार महागडी लॉकिंग पक्कड आपल्याकडे काचेच्या कपाटातच राहील. मधली टिकेल, पण तिला खरा धोका चीनपेक्षा तिच्याच नावाच्या डुप्लिकेट मालाचा आहे. ऑनलाइन 'सेम टू सेम' दिसणारी पक्कड शंभर रुपयांनी स्वस्त मिळाली की शंका घ्या.

दुकानात गेलात तर एवढं करून बघा. जबडे मिटा आणि ट्यूबलाइटसमोर धरा, मधून एकसारखी फट दिसली पाहिजे, एकीकडे जास्त एकीकडे कमी नको. दांडे आडवे हलवा, रिव्हेटपाशी खुळखुळत असेल तर परत ठेवा. टोकाचा स्क्रू दोन बोटांनी फिरला पाहिजे. मग खिशातलं एखादं नाणं जबड्यात धरून लॉक करा आणि ओढून बघा. दुकानदार जरा वैतागेल, पण हरकत नाही, नाणं तुमचंच आहे.