खाटेचे चार खूर

मुलांना श्रद्धा शिकवायची म्हणजे हात जोडायला लावायचे, एवढेच आपण धरून चालतो. मग आजी बरी झाली नाही, की आपलीच श्रद्धा कमी पडली असे पोराला वाटते. म्हणून मला कफर्णहूमची गोष्ट सांगाविशी वाटते. पक्षाघाताच्या रोग्याला चौघे उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाटेसकट येशूपुढे सोडतात. (लूकने तर कौलांचाच उल्लेख केला आहे.) येशू त्यांचा विश्वास पाहतो, रोगी तोवर अवाक्षर बोललेला नाही! वैभववाडीकडच्या डोंगरवाड्यांतून आजाऱ्याला डोलीत घालून गाडीरस्त्यावर आणणाऱ्यांना ही श्रद्धा समजावून सांगावी लागत नाही. मुलांना मात्र एक विचारावे: ते छप्पर नंतर कोणी शाकारले असेल?