गाय कुणाची, ते चित्रात नाही

खेडं आणि त्यातलं जनावर जसंच्या तसं कागदावर आणलं ते अठराव्या शतकातल्या इंग्रजांनी, आपल्याकडे नुसता अलंकार होता, असं चित्रकलेतले काही जाणकार आजही ठासून सांगतात.

त्या इंग्रजांतल्या टॉमस गेन्सबरोचा हात मोठाच. जनावरं तो समोर ठेवून काढायचा. पण भूदृश्य? त्याच्याच काळातला चित्रकार रेनॉल्ड्स याने सांगून ठेवलंय की दगडांचे तुकडे, वाळका पाला आणि आरशाच्या काचा टेबलावर मांडून तो डोंगर, झाडं, पाणी उभं करायचा. रचलं म्हणून बिघडत नाही. फक्त त्याला खेड्याची साक्ष म्हणू नका. त्याच काळात इंग्लंडची पार्लमेंट कायद्यामागून कायदे करून गावांची सामाईक कुरणं कुंपणात घालत होती, गरिबाच्या गाईचा चारा तुटत होता. चित्रातली गाय मात्र निवांत पाणी पिते. ती कुणाची, याचा पत्ता नाही.

आपल्याकडे निरीक्षण नव्हतं म्हणता? 1790 मध्ये पुण्यात गंगाराम तांबटांनी पेशव्यांच्या संग्रहातला गेंडा काढला. आश्रय पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटचा, मॅलेटसाहेबाचा होता, कबूल. डोळा तांबटांचाच.

आता यवतमाळ. इथल्या शाळेत 'निसर्गचित्र' काढा म्हटलं की पोरं दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड काढतात. कापूस-तुरीच्या मुलखात नारळ! हेही त्या टेबलावरच्या भूदृश्यासारखंच, रचलेलं.

आमचं खरं चित्र पोळ्याच्या तोरणाखाली उभं असतं. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. हाही अलंकारच की, असं कुणी म्हणेल. पण आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जुवाने घट्टे पडलेला बैलाचा खांदा पळसाच्या पानाने हळद-तूप लावून शेकतात. आधी घट्टा, मग झूल. आणि तोरणाखाली झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवनं, सुरू झाल्या की कापसाचा भाव, सावकार, पुढारी, सगळ्यांची सालटी निघतात. कोणती जोडी कुणाच्या दावणीची, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. जनावर, धनी आणि कर्ज एकाच चौकटीत आणणारं गेन्सबरोचं एक तरी चित्र दाखवा.

चित्रकलेच्या मास्तरांनो, गेन्सबरो जरूर दाखवा. पण त्याआधी वर्ग गुरं जमतात त्या गावाच्या आखरावर न्या आणि पोरांना बैलाचा खांदा काढायला लावा.