सायकलला इंजिन हवे का?

तुमच्यापैकी पुष्कळजण सायकलने शाळेत येतात. रस्ता सपाट असला आणि वारा पाठीमागून असला, की सायकल कशी भरभर पळते! पण समोर चढ आला, वारा उलटा फिरला आणि पाठीवर दप्तराचे ओझे असले, की पाय भरून येतात. अशा वेळी मनात येते, 'या सायकलला एक छोटेसे इंजिन असते तर!' ही इच्छा वेडेपणाची नाही. मोठमोठ्या कारागिरांनाही ती झाली होती. तिचा आज आपण नीट विचार करू.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. त्या काळी फ्रान्समध्ये पेट्रोलची फार टंचाई होती. मोटारगाडी घेणे सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरचे होते. सायकल मात्र पुष्कळांकडे होती. मोटारींसाठी कार्ब्युरेटर बनवणाऱ्या सोलेक्स या कंपनीने १९४६ मध्ये 'व्हेलोसोलेक्स' नावाची इंजिनाची सायकल बाजारात आणली. तिचे इंजिन अवघे ४५ घनसेंटीमीटरचे होते; पुढे ते ४९ घनसेंटीमीटरचे झाले. विद्यार्थी, कामगार, अशा साध्या माणसांनी ती आपलीशी केली. फ्रान्समध्ये तिचे उत्पादन १९८८ मध्ये थांबले. तोपर्यंत अशा सुमारे ७० लाख सायकली विकल्या गेल्या होत्या.

या सायकलची रचना पाहण्यासारखी आहे. इंजिन पुढच्या चाकावर बसवलेले असते. इंजिनाला एक छोटा रोलर जोडलेला असतो. आधी पायडल मारून सायकलला गती द्यायची, मग दांडा सोडून इंजिन खाली आणायचे. रोलर टायरवर दाबून बसतो, फिरू लागतो आणि त्याच्या घर्षणाने चाकही फिरते. इंजिन नको असेल तेव्हा दांड्याने ते वर उचलायचे. मग ती पुन्हा साधी सायकल! इंजिनापासून चाकापर्यंत साखळी नाही, गिअर बदलण्याची कटकट नाही.

गिअर नाहीत, मग इंजिनाचा वेग चाकाला कसा झेपतो? थोडे गणित करा. समजा, रोलरचा व्यास ५ सेंटीमीटर आहे आणि चाकाचा ६५ सेंटीमीटर. म्हणजे रोलर १३ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. इंजिन मिनिटाला २,६०० फेरे घेत असेल, तर चाक २०० फेरे घेईल आणि सायकल ताशी सुमारे २४ किलोमीटर धावेल. एवढासा रोलरच गिअरचे काम करतो. अशी सोपी युक्ती ज्याला सुचली, त्याचे कौतुक केलेच पाहिजे.

मग आपणही आपल्या सायकलला असे इंजिन बसवावे का? फवारणीच्या पंपाचे किंवा गवत कापण्याच्या यंत्राचे जुने इंजिन मिळवायचे, रोलर जोडायचा आणि सायकलवर चढवायचे, असे काही मुलांना वाटते. माझे मत स्पष्ट आहे. शाळेच्या सायकलला असे इंजिन लावू नये. का, ते सांगतो.

पहिले कारण घर्षणाचेच आहे. रोलर कोरड्या टायरला चांगला पकडतो; टायर ओला झाला, की तो घसरतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस. नेमके त्याच दिवसांत हे इंजिन दगा देणार. शिवाय रोलरच्या घासण्याने टायर लवकर झिजतो. पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सायकलचा ब्रेकसुद्धा घर्षणावरच चालतो. ब्रेकचे रबर ओल्या रिमवरून घसरते. ज्या घर्षणाने सायकल पुढे जाते, त्याच घर्षणाने ती थांबते. इंजिन लावणारा पहिल्या घर्षणाचा विचार करतो आणि दुसरे विसरतो.

दुसरे कारण वेगाचे. वेग दुप्पट झाला, की धोकाही दुप्पट होतो, असे आपल्याला वाटते. तसे नाही. वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबायला अंतरही चौपट लागते. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल ब्रेक दाबल्यावर ३ मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला तिला १२ मीटर लागतील. गल्लीतून चेंडूमागे धावत आलेले लहान मूल तुमच्यापासून बारा मीटर लांब असेलच असे नाही. व्हेलोसोलेक्सची चौकट इंजिनाचा विचार करून बनवलेली होती. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूनाही तशीच. तिला पायडल होते, पण तिची चौकट, चाके आणि ब्रेक इंजिनासाठीच घडवले होते. तुमची सायकल तुमच्या पायांच्या वेगासाठी घडवलेली आहे.

तिसरे कारण कायद्याचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाके आणि २५ घनसेंटीमीटरपर्यंतचे इंजिन असलेले वाहन मोटार वाहनात मोडत नाही. इंजिन त्याहून मोठे झाले, की नोंदणी, विमा आणि परवाना ही सारी बंधने आली. ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या दुचाकीचा परवानाही सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ मध्ये या कायद्यात बदल झाला. आता अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. मौज आपली आणि शिक्षा अब्बांना, हे कोणत्या मुलाला आवडेल?

कोणी म्हणेल, 'ज्याची शाळा सात-आठ किलोमीटर लांब आहे, त्याने काय करावे?' हा प्रश्न खरा आहे. त्याचे पाय रोज दमतात, त्याला मदत हवीच. पण मदत अशी हवी, की जी त्याला सुखरूप घरी आणील. आज बॅटरीच्या सायकली मिळतात. २५० वॉटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग आणि इतर काही अटी पाळल्या, तर अशी सायकल कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. व्हेलोसोलेक्समागची मूळ कल्पना हीच होती : थोडी शक्ती, थोडा वेग, पायांना सोबत. तिच्यात धूर नाही आणि तेल मिसळलेल्या पेट्रोलचा वासही नाही. मात्र तिची किंमत प्रत्येक घराला परवडत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ती परवडत नाही तोवर टायरमध्ये पुरेशी हवा भरा, साखळीला तेल द्या, बैठकीची उंची नीट करा. एवढ्याने निम्मा शीण कमी झाल्यासारखा वाटेल.

इंजिनाची आवड असेल, तर ती जरूर जोपासा. इंजिन उघडा, रोलर मोजा, चाकाचे फेरे मोजा, विज्ञान प्रदर्शनात स्टँडवर उभी केलेली सायकल फिरवून दाखवा. उद्या तुमच्यातूनच एखादा कुशल कारागीर किंवा इंजिनिअर होईल. पण रस्त्यावर उतरण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा. 'ही सायकल किती जोरात पळेल?' हा तो प्रश्न नव्हे. 'ही किती अंतरात थांबेल?' असे विचारा. ज्याला या प्रश्नाचे उत्तर माहीत आहे, त्यालाच वेगाचा हक्क आहे.