वारसा करमुक्त, मग पेन्शन?

"ताई, ह्यांच्या पैशांवर सरकारने वारसा कर कापला बघा!" आमच्या बचत गटातल्या एक वहिनी पासबुक घेऊनच आल्या. यजमान शिक्षक होते. 2024 च्या लोकसभा प्रचारात सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा उल्लेख केला, तेव्हापासून ही धास्ती अनेकींच्या मनात घर करून आहे.

मैत्रिणींनो, आपल्याकडे असा कर होता. 1953 च्या कायद्याने आलेली 'इस्टेट ड्यूटी' 1985 साली रद्द झाली. त्यामुळे नवऱ्यामागे आलेलं घर, दागिने, बँकेतली ठेव यांवर वारसा म्हणून कर नाही.

पण गफलत होते ती पुढे. ठेव करमुक्त आली, तरी तिचं पुढचं व्याज आपलं उत्पन्न. दरमहा येणारी फॅमिली पेन्शनसुद्धा वारसा नव्हे, उत्पन्नच. (युद्धात कामी आलेल्या जवानाच्या कुटुंबाची पेन्शन मात्र करमुक्त आहे.) त्यातही गंमत बघा. नवऱ्याची पेन्शन कायद्याने 'पगार' धरली जाते, बायकोची 'इतर उत्पन्न'. म्हणून 2024 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करपद्धतीत त्याला वजावट 75 हजारांची आणि तिला पेन्शनचा तिसरा हिस्सा, तोही फार तर 25 हजार! घर तेच, खर्च तोच, मग हा भेद कशासाठी? विमा कंपनीकडून विकत घेतलेल्या पेन्शनला तर एवढीही वजावट नाही.

आता वहिनींचा हिशोब. पेन्शन महिना 28 हजार, वर्षाचे 3 लाख 36 हजार. वजावट जाऊन 3 लाख 11 हजार. ठेवींचं व्याज 70 हजार. एकूण 3 लाख 81 हजार. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत करच नाही. तरी बँकेने 7 हजार कापले, कारण साठीच्या आतल्या ठेवीदाराचं व्याज वर्षाला 50 हजारांवर गेलं की बँक 10 टक्के कापून घेते. वहिनींना वाटलेला 'वारसा कर' तो हाच.

आपलं उत्पन्न करपात्र नाही, असा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत दिला असता तर हे पैसे कापले गेले नसते. आता विवरणपत्र भरूनच परत मिळतील. मुलगा म्हणतो, "करच नाही तर रिटर्न कशाला?" बाबा रे, आईचे सात हजार आहेत ते! सोमवारी त्यांचं पॅन कार्ड आणि पासबुक घेऊन आम्ही दोघी करसल्लागाराकडे जाणार आहोत.