मेस बघितली, समुपदेशक बघितला का?

दहावीपर्यंत उर्दू माध्यमात ‘खलिया’ आणि ‘मरकज़ा’ शिकलेला मुलगा नीटसाठी लातूरला किंवा नांदेडला येतो आणि पहिल्याच तासाला ‘सेल’, ‘न्यूक्लियस’ ऐकतो. गोष्ट तीच आहे हे कळेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. नीटचा पेपर 2018पासून उर्दूतही मिळतो, शिकवणी मात्र इंग्रजीत. गावात पहिला येणारा इथे मागच्या बाकावर गप्प बसतो. घरून फोन येतो, ‘‘पढाई चालू है ना?’’ तो म्हणतो, ‘‘जी, अब्बा.’’ संपले बोलणे.

मग झोप उडते, छातीत धडधडते. आपण आधी नजर उतरवतो, मग दम केलेले पाणी, मग तावीज. दुआला माझा विरोध नाही, मीही मागतो. पण टायफॉईड झाला की दवा करणे सुन्नत असल्याचे आपल्याला लगेच आठवते. मन आजारी पडले की ‘ईमान कमजोर’ म्हणून मोकळे होतो. मुलगी असेल तर घरातच दाबून टाकायचे, उद्या रिश्त्याला अडचण नको!

लातूरच्या विलासराव देशमुख आणि नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण या दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार होतात. तिथल्या बाकावर ओळखीचे कुणी भेटेल ही धास्ती असेल, तर टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. ऑक्टोबर 2022पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठी-हिंदीतून. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 1098 आहेच.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत समुपदेशक हवा, क्लासेससुद्धा त्यात आले. मदतीचे नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावायचे. गुणांवरून बॅच पाडायच्या नाहीत. पण प्रवेशाच्या वेळी आपण काय विचारतो? मेस कशी, फीचे हप्ते किती, मागच्या वर्षी किती लागले. समुपदेशक कोण, कधी भेटतो, हे विचारणारा पालक मला अजून भेटायचा आहे.

आणि भेटला समुपदेशक, तरी आमचा पोरगा ‘मला नैराश्य आलंय’ असे म्हणणार नाही. ‘‘सर, कुछ बी अच्छा नै लगता,’’ एवढेच म्हणेल, तेही बहुधा आपल्या जुन्या उर्दूच्या शिक्षकाला. म्हणून 14416 उर्दू शाळेच्या फळ्यावर उर्दूत लिहिलेला हवा, दहावी सुटण्याआधी. पोलिओच्या डोसची सूचना आपण मशिदीच्या माईकवरून दिलीच होती. नीटच्या निकालाच्या आठवड्यात, जुम्याच्या नमाजनंतर, हा पाच आकड्यांचा नंबरही देता येईल. इमामसाहेबांना विचारून तर बघू.