साडेबारा टक्क्यांचा हिशेब

पनवेलजवळच्या ज्या कळंबोलीत मी राहतो, ती दोन कल्पनांवर उभी आहे आणि त्यांतली एकही मंत्रालयात जन्मलेली नाही. पहिली सुचली मुंबईतल्या तिघा व्यावसायिकांना. दुसरी इथल्या भातशेतीवाल्यांच्या लढ्यातून वर आली. पुढे दोन्ही सरकारी धोरण झाल्या. ‘आपल्यासारख्यांचे कोण ऐकतो?’ असे म्हणून वर्तमानपत्राची घडी घालणाऱ्यांनी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा.

1965 मध्ये चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे अभियंते यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक योजना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली आहे, तिला खाडीपलीकडे जोडशहर द्या, असे त्यांचे म्हणणे. पैशाचे उत्तरही त्यांच्याजवळ होते. सरकारने जमीन आधी ताब्यात घ्यावी, तिच्यावर रस्ते, पाणी, गटारे करावीत आणि वाढलेल्या भावाने ती विकून शहराचा खर्च काढावा. पाच वर्षांत, मार्च 1970 मध्ये, सिडको स्थापन झाली. सरकारी कामाच्या मानाने हा वेग थक्क करणारा आहे.

कल्पना उत्तम होती. पण ज्या जमिनीच्या भाववाढीवर सगळा डोलारा उभा राहायचा, तिचे मालक ताळेबंदात फक्त खर्चाच्या बाजूला होते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन 1894 च्या कायद्याने घ्यायची, मोबदला रोख आणि एकदाच. नोकरीच्या काळात असा मोबदला खात्यात जमा होताना आणि आटून जाताना मी पाहिला आहे. आम्ही अधिकारी मुदत ठेवीचा सल्ला द्यायचो. एका आजोबांनी मला विचारले, “साहेब, या व्याजात घरच्यांना वर्षाचा तांदूळ किती वर्षं पुरंल?” मी आकडेमोड करून कागद पुढे सरकवला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि पैसे काढण्याची स्लिप मागितली.

मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या रक्तातून जे तत्त्व पुढे आले ते साधे होते: आमच्या जमिनीचे शहर होणार असेल, तर त्या शहराच्या जमिनीत आम्हाला वाटा द्या. म्हणजे ‘मार्ग’मधलाच हिशेब, फक्त दुसऱ्या बाजूने मांडलेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या शासन निर्णयाच्या क्रमांकात 1985 हे साल आहे. खाली तारीख 6 मार्च 1990 ची. मधली पाच वर्षे फाइल कोणकोणत्या टेबलांवर विसावली असेल, याची कल्पना कार्यालयात आयुष्य काढलेल्यांना करता येईल.

अर्थात कागदावरचे साडेबारा हातात पडताना साडेबारा राहिले नाहीत. सामाजिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापून उरले पावणेनऊ. एकराला पाच गुंठे म्हणायचे आणि साडेतीन मिळायचे. तेही मिळायला इतकी वर्षे लागली, की अनेकांनी आधीच आपला हक्क बिल्डरला लिहून दिला. गृहकर्जाच्या कागदांत सिडको, मूळ शेतकरी आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार असायचा. त्यातल्या शेतकऱ्याच्या अंगठ्याकडे कर्जदार क्वचितच पाहत.

तरीही ही कल्पना मोडीत निघाली नाही. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात, नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीतील वीस टक्के जमीन मालकांसाठी राखून, संपादनाच्या व विकासाच्या खर्चात देऊ करण्याची तरतूद आहे. रायगडला हे नवे नाही म्हणा. अलिबागजवळच्या चरी गावात 1933 पासून सहा वर्षे कुळांनी शेती पडीक ठेवून संप केला. 1939 च्या कूळकायद्यामागे त्यांची उपासमार आहे.

मला खटकते ते वेगळेच. तिघा तज्ज्ञांची कल्पना पाच वर्षांत मान्य झाली, कारण तिला नकाशा होता, इंग्रजी होते आणि छापायला नियतकालिक होते. शेतकऱ्यांच्या कल्पनेला 1970 पासून वीस वर्षे आणि पाच प्रेते लागली. ती चुकीची होती म्हणून नव्हे. ती ऐकण्यासाठी सरकारदरबारी खुर्चीच ठेवलेली नव्हती. हरकती-सूचनांची नोटीस निघते, पण ती वाचून मुदतीत लेखी उत्तर देणे किती घरांना जमते?

आता पनवेलच्या पुढे ‘नैना’ आली आहे. नगररचना परियोजनेत मालकाला चाळीस टक्के जमीन परत मिळायची आहे. आकडा साडेबारापेक्षा कितीतरी मोठा, तरी गावे विरोधात उभी आहेत. हा आकडा कोणी ठरवला, असे ती विचारतात. भाताच्या हंगामात दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणाऱ्या मजूर बायकांना मात्र कोणी काही विचारलेले नाही. त्यांच्या नावे सातबारा नाही, तेव्हा त्यांचा टक्का कशावर काढायचा, याचा शासन निर्णय अजून निघायचा आहे.