नवं ग्राफिक्स कार्ड, जुना पीसी आणि काळी स्क्रीन: घोडं नेमकं कुठे अडतंय?

"पंखे फिरतत, पण स्क्रीनार काय एक दिसना नाय." मालवण-कुडाळकडे नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर असं कुणी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं: कार्ड डिफेक्टिव्ह आलं. मग कार्ड परत बॉक्समध्ये, बॉक्स कुरियरवाल्याकडे आणि आपण दोन आठवडे वाट बघत. दुसरं कार्ड येतं, तेही चालत नाही. कारण बऱ्याचदा पहिलं कार्ड ठणठणीतच असतं. बिघाड असतो तो कार्ड आणि डबा यांच्या जोडीत.

ही गडबड आत्ताच जास्त का होतेय, याचं उत्तर ग्राफिक्स कार्डात नाही, रॅममध्ये आहे.

जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीत नफा भरपूर, त्यामुळे तिघांचाही ओढा तिकडे आहे. तुमच्या-माझ्या पीसीतली साधी रॅम मागे पडली आणि २०२५ च्या शेवटी तिच्या किमती झपाट्याने वर गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला होता. म्हणजे नवा पीसी घ्यायची गरज वाढली आणि त्याच वेळी नवा पीसी महागला.

अशा वेळी माणूस काय करतो? जुना डबा ठेवतो आणि त्यात फक्त नवं कार्ड टाकतो. हिशेब अगदीच चुकीचा नाही. तारकर्लीला स्कूबा करणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ एडिट करून देणारा पोरगा असो, दशावताराचे प्रयोग शूट करून यूट्यूबवर टाकणारा असो की लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ, त्यांचं काम अडतं ते ग्राफिक्स कार्डाशीच. डाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर तर बरंचसं काम कार्डावरच टाकतं. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातले पंधरा दिवस कार्डाच्या ये-जा करण्यात गेले, तर नुकसान कार्डाच्या किमतीपुरतं राहत नाही.

पण २०२५ चं कार्ड बनवताना कंपनीने समोर २०१५ चा पीसी धरलेला नसतो. घोडं पेंड खातं ते इथे.

एनव्हिडियाने स्वतः मान्य केलेली काळी स्क्रीन

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आरटीएक्स ५०६० चं. हे कार्ड १९ मे २०२५ ला बाजारात आलं, त्याचा मोठा भाऊ ५०६० टीआय त्याच्या महिनाभर आधी. म्हणजे मध्यम बजेटवाल्यांची, जुन्या पीसीत बसवली जाणारी कार्डं. लगेचच तक्रारी आल्या: काही मदरबोर्डवर पीसी रीबूट केला की स्क्रीन काळीच राहते. एनव्हिडियाने हे नाकारलं नाही. कार्डाचं फर्मवेअर अपडेट करणारं एक छोटं टूल त्यांनी स्वतःच्या साइटवर टाकलं. २०२३ मध्ये ४०६० च्या वेळीही असंच टूल काढावं लागलं होतं.

आता गंमत बघा. टूल चालवायला विंडोज सुरू व्हायला हवं आणि विंडोज दिसायला स्क्रीन हवी, जी काळी आहे! यावर कंपनीने सुचवलेले उपाय असे: मदरबोर्डचं बायोस अपडेट करा, बूट मोड 'लेगसी' किंवा 'सीएसएम' वरून 'यूईएफआय' वर न्या, नाहीतर दुसऱ्या कार्डावर किंवा प्रोसेसरमधल्या इनबिल्ट ग्राफिक्सवर पीसी सुरू करा. शेवटचा उपाय सोपा वाटतो. पण तुमच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल (आय५-१२४००एफ हा आपल्याकडे भरपूर विकला गेला), तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतंच. म्हणून जुनं कार्ड विकायची घाई करू नका. नवं नीट चालेपर्यंत ते घरात असू द्या. ओएलएक्सवर गिऱ्हाईक आठ दिवसांनीही मिळेल.

हे सीएसएम प्रकरण जरा समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. पीसीचं बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी मदरबोर्डवरचं एक छोटं सॉफ्टवेअर जागं होतं. त्याची जुनी पद्धत म्हणजे बायोस, नवी म्हणजे यूईएफआय. मधल्या काळातल्या मदरबोर्डना दोन्ही भाषा येतात. जुन्या भाषेत बोलायची सोय म्हणजे सीएसएम. नवी कार्डं नवी भाषा गृहीत धरून बनतात. तुमचा बोर्ड जुन्या भाषेत हाक मारत असेल, तर कार्ड ओ देईलच याची खात्री नाही.

मग सीएसएम बंद करून टाकू? थांबा. विंडोज जुन्या पद्धतीने इन्स्टॉल केलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन येईल, पण विंडोज सुरू होणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की आता हार्ड डिस्कही गेली. म्हणून जुनं कार्ड अजून लावलेलं असतानाच 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते बघा. 'यूईएफआय' असेल तर निश्चिंत व्हा. 'लेगसी' असेल तर आधी डिस्क एमबीआर पद्धतीवरून जीपीटीवर न्यावी लागेल. त्याचं टूल विंडोज १० आणि ११ मध्येच आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.

इंटेलच्या आर्क कार्डांचं दुखणं थोडं वेगळं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं बी५८० किमतीच्या मानाने चांगलं कार्ड आहे, पण त्याला 'रीसायझेबल बार' नावाची सोय लागते. तिच्यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते. ही सोय नसलेल्या जुन्या पीसीत कार्ड सुरू होतं, चित्रही दिसतं, पण वेग मिळत नाही. असं कार्ड बिघडलेलं नसतं, पण तुमच्यासाठी निरुपयोगीच.

महावितरण, यूपीएस आणि खारं वारं

इथपर्यंतचं सगळं पुण्यातल्या पीसीलाही लागू आहे. किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टींची भर पडते.

पहिली वीज. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. आता तुमच्या कॅबिनेटचं झाकण उघडा आणि पॉवर सप्लायच्या लेबलचा मोबाइलने फोटो काढा. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असेल, त्याकडे दुर्लक्ष करा. खाली १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा. समजा १८ असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही यातच भागवायचंय. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेल्या सप्लायमध्ये हा आकडा बघून बऱ्याच जणांचे डोळे उघडतात.

ऑफिसातून निघालेले सेकंडहँड डेल, एचपीचे छोटे पीसी तर वेगळंच प्रकरण. त्यांचे सप्लाय बरेचदा कमी वॅटचे आणि खास त्याच बोर्डासाठी बनवलेले असतात, त्यामुळे बाजारातला दुसरा सहज बसत नाही. अशा डब्यात वेगळी केबल न लागणारं कार्ड घेणंच शहाणपणाचं. ७० वॅटवर चालणारं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० त्यातलं एक. मात्र डबा अरुंद असेल तर कार्ड लो-प्रोफाइल आहे ना, हेही बघा. आणि कृपा करून हार्ड डिस्कच्या केबलला कन्व्हर्टर लावून कार्डाला वीज देऊ नका. ती जळते.

दुसरा प्रकार असा: कार्ड दिसतं, डेस्कटॉप येतो, पण गेम किंवा रेंडर सुरू केला की यूपीएस किंचाळतो आणि सगळं बंद. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. आपल्या घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि नवी कार्डं क्षणभरासाठी सरासरीच्या बरीच वर उडी मारतात. तपासायला सोपं: लाइट स्थिर असताना पीसी थेट भिंतीच्या प्लगला लावून बघा. चालला तर कार्ड निर्दोष सुटलं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? तर अर्थिंग नाही. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा नीट घेतला नसेल, तर तीन पिनांचा प्लग नुसता नावाला. अशा घरात पीसी चालू असताना एचडीएमआय केबल काढ-घाल केली, तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. इंटरनेटवरचे व्हिडिओ मनगटावर अँटी-स्टॅटिक पट्टा बांधायला सांगतात. कोकणातल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्यापेक्षा वायरमनला बोलावणं जास्त गरजेचं.

आणि खारं वारं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात खिडकीचे गज किती वर्षं टिकतात हे सांगायला नको. तीच हवा पीसीच्या स्लॉटमध्येही जाते. रिकाम्या पडलेल्या स्लॉटच्या पिनांवर मिठाचा सूक्ष्म थर बसतो, तो ओल धरून ठेवतो. कार्ड नवं कोरं असतं, पण ज्या स्लॉटमध्ये ते बसवता तो दहा पावसाळे खाल्लेला असतो. मदरबोर्डवर 'व्हीजीए' नावाचा छोटा दिवा पेटून राहिला, किंवा कार्ड जरा दाबल्यावर स्क्रीन येऊन परत गेली, तर आधी संशय स्लॉटवर घ्या. पीसीची वायर पूर्ण काढून, मऊ ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्लॉट साफ करायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. खोडरबर रॅमच्या जुन्या पट्टीला ठीक, नव्या कार्डाला त्याची गरज नाही.

हे सगळं करण्याआधी एक अगदी साधी तपासणी: मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना? सवयीने ती वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये जाते. जुना निळ्या पिनांचा व्हीजीए मॉनिटर असेल, तर नव्या कार्डावर तो पोर्टच नसतो. त्यासाठी ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, नुसती पिना जुळवणारी केबल चालत नाही.

मग खरोखर खराब कार्ड ओळखायचं कसं?

तेच कार्ड दुसऱ्या, चांगला सप्लाय असलेल्या पीसीत लावून. याहून भरवशाची तपासणी नाही. गावात गेमिंग पीसी असलेला एखादा मित्र किंवा दुकानदार शोधा. तिथेही काळी स्क्रीन आली तर कार्ड खराब, विषय संपला. तिथे चाललं, तर ते परत पाठवून काहीच मिळणार नाही. सर्व्हिसवाले 'दोष आढळला नाही' म्हणून तेच परत धाडतील.

स्वस्तात मिळालेल्या कार्डांबाबत मात्र माझा कल उलटा आहे, तिथे संशय आधी कार्डावरच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. आरएक्स ५८० वर मायनिंगसाठी बदललेलं बायोस असेल, तर विंडोज ड्रायव्हर घ्यायला नकार देतं. काही कार्डांचं तर नावच खोटं असतं: जुन्या चिपवर बायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेलं. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं पकडतं. आणि खरं १०५० टीआय मिळालं तरी आता नवं म्हणून घेऊ नका. एनव्हिडियाने ९०० आणि १००० सीरिजचे नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत. पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील.

ऑनलाइन घेतलं असेल तर बॉक्स उघडतानाच मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या, सील आणि सीरियल नंबर दिसेल असा, मध्ये कट न करता. आधी दुसऱ्या पीसीत तपासणी करा, मग रिप्लेसमेंट मागा. पण ऑर्डर पेजवरची रिप्लेसमेंटची शेवटची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण तपासणीच्या नादात ती निघून जाते. विक्रेता टोलवाटोलवी करत असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्यापुढे जायची वेळ आली, तर विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे मालवणकराला ओरोसच्या पलीकडे जायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवर ती ऑनलाइनही करता येते, आणि वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी शून्य.